आधी शेडमध्ये निदेशक द्या, मग परिषदा काढा

सकाळी भाच्याला घेऊन आयटीआयच्या प्रवेश निश्चितीला गेले होते. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट मोठी होणार आहे.

भाच्याला फिटर ट्रेड मिळालाय. दहावीला बरे मार्क असताना त्याने स्वतःहून पहिल्या पसंतीला फिटर टाकला होता. घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, माझी बहीण तेवढी ठाम राहिली. कागदपत्रं तपासून झाली, फी भरली. म्हटलं, आलोच आहोत तर पोराला वर्कशॉप दाखवा. तर फिटरच्या शेडला कुलूप. निदेशकाचं, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांचं, पद रिक्त. कधीपासून? "झाले बरेच दिवस." शेजारच्या ट्रेडच्या सरांकडे अतिरिक्त कार्यभार दिलाय. मध्ये तासिका तत्त्वावर एक जण येत होता, त्याला कंपनीत नोकरी लागली, तो गेला. पोरगा खिडकीच्या जाळीला नाक लावून आत बघत होता. शेगड्यांची (लोखंड घट्ट पकडायच्या व्हाइसची) रांग, त्यांवर धुळीचा थर, आणि कोपऱ्यात एक नवं कोरं मशीन, ज्याचं प्लास्टिकचं कव्हरसुद्धा कुणी काढलेलं नाही. मी काही बोलणार इतक्यात खिडकीवरचा कर्मचारी मला धीर द्यायला म्हणाला, "काळजी करू नका ताई. सर नसले तरी सर्टिफिकेट दिल्लीचंच मिळतं."

त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. तो मनापासून सांगत होता, आणि खरं तेच सांगत होता. राग त्याचाच येतोय.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की माझे वडील शिल्प निदेशक होते. फिटर ट्रेड. आम्ही संस्थेच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि शाळा सुटली की मी अण्णांच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. तिथला एक प्रसंग आज दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाहीये. एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षाला असतो तसा साधा जॉब: लोखंडी पट्टीच्या तुकड्याच्या दोन कडा कानसून काटकोनात आणायच्या. अण्णा जॉबवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, ठेवायचे आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ जरी दिसली, तरी जॉब परत. त्या मुलाचा जॉब असा परत, परत, परत. शेवटी त्याने कानस टेबलावर आपटली. म्हणाला, मला नाही येणार हे. सगळी शेड गप्प. मला वाटलं आता अण्णा ओरडणार. अण्णांनी पेटीतून दुसरा तुकडा काढला, त्याच्या शेजारच्या शेगड्यात पकडला आणि स्वतः कानसायला लागले. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या पायांकडे बघ. हाताकडे नको." पाय कसे टाकायचे, पुढे जाताना दाब, मागे येताना कानस मोकळी. दुपारभर दोघं शेजारी शेजारी कानसत होते.

हे शिकवणं अण्णांना कुठून आलं? घरात कुणी कारागीर नव्हतं. ते आलं सरकारी प्रशिक्षणातून. मुंबईत चुनाभट्टीला केंद्रीय प्रशिक्षण संस्था आहे (आता तिचं नाव राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था झालंय), तिथे निदेशकांना शिकवायचं कसं ते वर्षभर शिकवतात. काम येणं वेगळं आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरवणं वेगळं, हे या देशाने फार लवकर ओळखलं होतं. आज घरी आल्यावर मुद्दाम तारखा पुन्हा बघितल्या. आपल्याकडे निदेशकांना प्रशिक्षण देणारी पहिली संस्था निघाली 1948 मध्ये. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली 1950 मध्ये. म्हणजे पोरांच्या आधी पोरांच्या सरांची सोय! देश नुकता स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ताज्या, तिजोरीत खडखडाट, आणि तरी कुणीतरी आधी मास्तर घडवायचा विचार केला. मग साठच्या दशकात लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई, हैदराबाद इथे निदेशकांसाठी संस्था उघडल्या. मला या माणसांबद्दल अपार आदर आहे.

या सगळ्याचं मूळ त्याच्याही आधीचं. 1945 मध्ये, दुसरं महायुद्ध संपताना, लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना कामधंद्याला लावायचं म्हणून एक महासंचालनालय निघालं. आजचं प्रशिक्षण महासंचालनालय त्याचंच पुढचं रूप. 1956 मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद आली, जिला आपण सगळे एनसीव्हीटी म्हणून ओळखतो. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र देशभर एकसारखं. 1961 मध्ये अप्रेंटिस कायदा झाला आणि कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. इथपर्यंत सगळं कसं एकाला एक जोडून आहे बघा. सर, शेड, परीक्षा, कारखाना.

अण्णांच्या शेडमधल्या त्या मुलाचंही असंच झालं. आयटीआय संपल्यावर अप्रेंटिस लागला. पहिल्या दिवशी फोरमनने त्याचं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि हातात कानस दिली. हे त्याने स्वतः आमच्या घरी येऊन सांगितलं होतं. अण्णा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

आणि आता काय चाललंय? गेल्या सतरा-अठरा वर्षांत आपण नुसत्या पाट्या बदलतोय. 2008 ला राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ. 2013 ला कौशल्य पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा. त्याच वर्षी सेमिस्टर पद्धत, आणि 2018 ला परत वार्षिक. 2014 ला स्वतंत्र मंत्रालय. 2015 ला महासंचालनालय कामगार खात्यातून उचलून तिकडे. 2018 च्या डिसेंबरमध्ये नव्या राष्ट्रीय परिषदेची अधिसूचना, 2020 च्या ऑगस्टपासून तिचं काम सुरू, आणि जुनी एनसीव्हीटी तिच्यात विलीन. प्रत्येक वेळी नवं बोधचिन्ह, नवं पोर्टल, नवा पासवर्ड. एका तरी अधिसूचनेने अण्णांसारखा एक माणूस त्या कुलूपबंद शेडमध्ये आणून उभा केला का? कुलूप तसंच आहे हो! मी आज हात लावून आलेय त्याला!

हो, मान्य आहे, राष्ट्रीय प्रमाणपत्र नसतं तर आपल्या गावाकडचा पोरगा गुजरातेत, तमिळनाडूत, रेल्वेत लागलाच नसता. ते सर्टिफिकेट मी कमी लेखत नाही, आमच्या घरी अण्णांचं फ्रेम करून लावलेलं आहे. पण ते ज्या कामाची साक्ष देतं ते काम शिकवायलाच कुणी नसेल, तर साक्ष कसली देतंय?

थिअरीच्या परीक्षेचंही तेच. आता कॉम्प्युटरवर असते, चार पर्याय, एकावर क्लिक. कॉप्या कमी झाल्या म्हणतात. झाल्या असतील, चांगलंच आहे. प्रॅक्टिकल अजून शेडमध्येच होतं, हेही माहीत आहे. पण जिथे वर्षभर सर नाहीत तिथे ते प्रॅक्टिकल कसं होतं हे मला कुणी शिकवू नये, मी त्याच आवारात वाढलेय. गुण्याखालून येणारी उजेडाची रेघ बघायला डोळा तयार असावा लागतो आणि जॉब परत करायला छाती लागते. सगळ्यांना पास करून मोकळं होणं सोपं असतं. अण्णांच्या बॅचमध्ये कमी मार्क पडायचे, पालक घरी येऊन बोलायचे, आई चहा देऊन त्यांची समजूत घालायची.

देशात आज पंधरा हजारांच्या आसपास आयटीआय आहेत. सरकारी तीन हजारांच्या वर, बाकी सगळ्या खाजगी. काही खाजगी संस्था सरकारीपेक्षा उत्तम चालतात, तेही खरं. पण संख्या वाढवताना निदेशक कुठून येणार हा प्रश्न कुणी विचारला होता का? एका युनिटला, म्हणजे तुकडीला, वीस पोरं. वीस पोरांच्या वीस तऱ्हा. एक डावखुरा, एक घाबरट, एक नुसता टंगळमंगळ करणारा, आणि एक असा, ज्याला कुणी दुपारभर शेजारी उभं राहिलं तरच येणार. तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नसलेला माणूस हे कशाच्या जोरावर करणार? त्याचं बिल महिनोन्महिने अडकतं, तरी तो येतो, शिकवतो. मी असे निदेशक बघितलेत. त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. चांगली नोकरी मिळाल्यावर तो गेला म्हणून मी त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

आता पुन्हा मोठी योजना आलीय. साठ हजार कोटींची, 2025 च्या मे महिन्यात केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. एक हजार सरकारी आयटीआय सुधारणार, दोनशे मुख्य आणि आठशे त्यांना जोडलेल्या, उद्योगांचा सहभाग. तिच्यात पाच राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था उत्कृष्टता केंद्रं करणार आहेत: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. निदेशकांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख त्यात आहे, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. कुणाला तरी 1948 आठवलं असावं. पण यादीत मुंबई नाही. एवढा कारखानदार महाराष्ट्र, पुण्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत पसरलेली औद्योगिक वसाहत, आणि आमचे निदेशक जिथे घडले ती संस्था यादीत नाही. आणि प्रशिक्षण कुणाला देणार, हा पुढचा प्रश्न. पद भरलेलंच नसेल तर प्रशिक्षणाला खुर्ची पाठवणार का? केंद्र म्हणतं पदं भरणं राज्याचं काम. राज्य म्हणतं आर्थिक मान्यता नाही. आणि भाचा जाळीतून शेगडे बघतोय.

जर्मनीचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच देतात. त्यांच्याही राष्ट्रीय संस्थेचं कौतुक होतं, 1970 साली निघालेली. तिच्या मंडळावर मालक, कामगार संघटना, राज्यं आणि केंद्र, सगळ्यांना सारखं वजन. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1969 मध्ये, त्यांनी कायदा केला आणि त्यात लिहून ठेवलं की शिकवणारा माणूस कामाने आणि स्वभावाने त्या लायकीचा असला पाहिजे. सिंगापूर म्हणाल तर 1992 मध्ये त्यांनी जुनं मंडळ गुंडाळून नवी संस्था उभी केली. पुढे विद्यापीठाला लाजवतील असे तीन मोठे कॅम्पस बांधले. सिंगापूर एवढंसं आहे, आपल्याला नाही जमणार, असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. बरोबर आहे, आकाराची तुलना नाहीच होत. पण रिक्त पद भरायला देशाचा आकार आड येतो का?

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. अण्णांना संध्याकाळी फोन केला होता. आता ऐकायला कमी येतं त्यांना, दोनदा सांगावं लागलं. शेडला कुलूप आहे म्हटल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "शेगड्यांना तेल कोण देतंय?" मी गप्पच झाले. मग म्हणाले, पोराला रविवारी माझ्याकडे पाठवत जा, घरी एक छोटा शेगडा आहे. वयाच्या या टप्प्यावर तो माणूस राष्ट्रीय व्यवस्थेने सोडलेली जागा एकटा भरायला निघालाय. माझ्या भाच्याला आजोबा आहेत. बाकीच्या एकोणीस पोरांनी कुणाकडे जायचं?

घरातल्यांनाही एक सांगायचंय, ते माझ्या यादीत आहेत म्हणून इथेच. पोराने फिटर घेतला म्हणून "पुढे डिप्लोमा करता येतो, काळजी नको" असं त्याला येताजाता ऐकवू नका. करेल वाटलं तर. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यालाही माहीत आहे. पण अजून कानस हातात धरली नाही तोवर त्याला त्यातून बाहेर पडायचे रस्ते दाखवू नका. तुमची लिफ्ट, तुमचा पंप, तुमच्या गाडीचा प्रत्येक सुटा भाग अशाच कुणाच्या तरी हातून गेलाय. रिक्त पदांसाठी गावात कधी मोर्चा निघत नाही, कारण आयटीआयला आपली पोरं जात नाहीत असं ठरावीक घरांनी गृहीत धरलंय. इंजिनिअरिंगच्या एखाद्या विभागात वर्षभर प्राध्यापक नसते तर वर्तमानपत्रं भरून आली असती.

तर आता काम. मी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाला आणि आमच्या आमदारांना पत्र लिहितेय. मागणी एकच: फिटरच्या त्या युनिटला पूर्णवेळ, प्रशिक्षित निदेशक, सत्र सुरू व्हायच्या आत. सोबत माहितीचा अधिकार टाकून जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी आयटीआयमध्ये मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी निदेशकाचं प्रशिक्षण किती जणांचं झालंय हे मागतेय. मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते. ज्यांची मुलं यंदा आयटीआयला जातायत त्यांनी ट्रेड आणि संस्था बदलून तोच वापरा. प्रवेश निश्चितीला जाल तेव्हा फी भरायच्या आधी शेड उघडून दाखवा म्हणा, आणि सर कोण आहेत ते नावानिशी विचारा. जे निदेशक मित्र हे वाचतायत, त्यांनी मसुद्यात काय घालायला हवं ते मला आज रात्रीच इनबॉक्समध्ये सांगा. मी जागी आहे.