काकांच्या हॅटबद्दल, दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. रागाच्या भरात लगेच उत्तर टाइप केलं होतं, ते सकाळी खोडलं. हे दुसरं आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या वडिलांनी, म्हणजे आमच्यासाठी काकांनी, १९८६ साली ह्यूस्टनहून आणलेली काउबॉय हॅट तुम्ही आमच्याकडे फेडोरा (लहान कडेची, पुढे चिमटी असलेली मऊ हॅट) करायला दिलीत. आम्ही दहा दिवस सांगून तेवीस लावले आणि तेवढ्यात काकांची पंचाहत्तरी होऊन गेली. हॅट कानशिलांवर दाबते. पुढे जुनी घडी अजून दिसते. ब्रिम, म्हणजे कड, आम्ही ‘न विचारता कापून टाकली’. आणि ३,२०० रुपये घेतले, ‘एवढ्यात नवी हॅट येते’.

उशिराचं आधी. त्यात माझी बाजू मांडण्यासारखं काही नाही. तुम्ही २८ जूनला आलात आणि कार्यक्रम १२ जुलैला आहे हे तेव्हाच सांगितलंत. हॅटच्या आतली चामडी पट्टी हाताने शिवणारे आमचे कारागीर दरवर्षी त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. तुम्ही दुकानात उभ्या होतात तेव्हा ते वारीत होते आणि हे मला माहीत होतं. एवढी एक पट्टी दुसऱ्या कुणाकडून शिवून घेऊ, असं मी मनाशी धरून चाललो. त्या दुसऱ्या माणसाने सरळ मशीन मारली. टाके बाहेरून दिसायला लागले, म्हणून सगळं उसवलं. मग कारागीर परत येईपर्यंत थांबलो. पावसाळ्यात फेल्ट, म्हणजे लोकर किंवा केस दाबून केलेलं हॅटचं कापड, वाळायलाही वेळ लागतो, पण ती सबब मी पुढे करणार नाही. पावसाने फार तर तीन दिवस खाल्ले, बाकीचे मी. १० तारखेला तुम्हाला फोन करून ‘होत नाही, हॅट आहे तशी घेऊन जा’ एवढं सांगायला हवं होतं. तेही केलं नाही, कारण होईल होईल असंच वाटत होतं. काकांची माफी मागतो. तुमचीही.

आता दाबण्याचं. हीसुद्धा माझीच चूक, पण ती कशी झाली ते सांगतो, कारण एवढ्या वर्षांत मी अशी पहिल्यांदाच केली.

जुनी हॅट आली की पहिल्यांदा आतली चामडी पट्टी उलटून बघायची. काकांच्या हॅटमध्ये पट्टीमागे, फक्त कपाळाच्या बाजूला, वर्तमानपत्राची बोटभर रुंद घडी निघाली. पिवळी पडलेली, घामाने चिकटलेली. अलगद सोडवली तर आत लासलगावचे कांद्याचे भाव. हॅट सैल बसली की लोक असा कागद घालतातच. आमच्या आजोबांकडे काळ्या टोपीचं गिऱ्हाईकही हेच करायचं. लेबलवर माप सात आणि तीन अष्टमांश, म्हणजे आपल्या टेपवर साधारण ५९ सेंटिमीटर. मी हिशोब केला की काकांना हॅट मोठी होत होती. म्हणून ५८ च्या ठोकळ्यावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या लाकडी साच्यावर, चढवली.

तुमच्या रिव्ह्यूत ‘कानशिलांवर’ हा शब्द वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला. कागद फक्त पुढे होता! ही हॅट लांबट, अंड्याच्या आकारावर बनलेली आहे. काकांचं डोकं त्यापेक्षा गोल असणार. गोल डोक्यावर लांबट हॅट घातली की पुढे फट राहते आणि बाजूंनी ती आधीच घट्ट असते. काकांनी कागद घातला तो फट भरायला. मी सगळीकडून एक सेंटिमीटर कमी करून बाजू आणखी आवळल्या. डोक्याला टेप लावली असती तर हे सगळं टळलं असतं, पण हॅट तुम्ही घेऊन आलात, काका आले नव्हते, आणि मी माप मागितलं नाही.

हे दुरुस्त होतं. वाफ देऊन फेल्ट मऊ करायचं, ५९ च्या गोल ठोकळ्यावर ओढून खाली दोरी बांधायची आणि वाळू द्यायचं. असला सागवानी ठोकळा दुकानात आहे. चामड्याची पट्टी मात्र नवी घालावी लागेल, कारण आत्ताची त्या मापाला पुरणार नाही. त्याचे पैसे नाहीत.

ब्रिमबद्दल मात्र मी मान डोलावणार नाही. तुमच्या पावतीवर ‘ब्रिम अडीच इंच’ असं लिहिलंय, खाली तुमची सही आहे. लिहिण्याआधी मी पुठ्ठ्याची गोल पट्टी हॅटवर धरून तुम्हाला आरशात दाखवली होती, मोबाईलवरच्या फोटोशी ताडून. मूळ ब्रिम चार इंचांची होती, म्हणजे चहूबाजूंनी दीड इंच गेली. कापलेलं कडं डब्यात तळाशी कागदात गुंडाळून दिलंय, बघा. फेल्ट एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून आम्ही हे काम सहीशिवाय करतच नाही.

पण ‘छोटी वाटते’ असं तुम्ही लिहिलंय आणि ते नजरेला खरंच तसं वाटतं. गेली कित्येक वर्षं ती हॅट तुम्ही चार इंच कडेसकट, बाजू वर वळलेली, खुंटीवर बघितली आहे. पंधरा दिवस घरात राहू द्या, मग सांगा.

काहींना वाटतं की काउबॉय हॅट आणि फेडोरा या दोन वेगळ्या जाती आहेत. तसं नाही. दोन्हींची सुरुवात फेल्टच्या एकाच घंटेसारख्या टोपापासून होते. १८६५ मध्ये फिलाडेल्फियात जॉन स्टेट्सनने जी पहिली प्रसिद्ध हॅट काढली ती वरून गोल आणि कडेने सपाट होती. वरचे खळगे हॅट घालणाऱ्यांनी नंतर पाडले. फरक आहे तो उंचीचा, कडेचा आणि कडकपणाचा. काउबॉय हॅटला कडक ठेवण्यासाठी लाखेसारखं द्रव्य पाजलेलं असतं. तुमच्या हॅटमधलं ते स्पिरिटने दोनदा धुऊन काढलं, तेव्हा कुठे पुढची कड बोटाने खाली वाकायला लागली. ती वाकली नाही तर फेडोरा कसली? वरचा भागही नुसता तसाच ठेवून चालत नाही. कड लहान केली की उंच घुमट डब्यासारखा उभा दिसतो, म्हणून तोही अर्धा इंच खाली आणावा लागला.

आता हॅटच्या पुढची ती जुनी घडी. ही जाणार नाही, आणि हे मी तुम्हाला काम घेतानाच सांगायला हवं होतं. काका हॅट काढताना वरून, चिमटीत धरून काढत असणार. बहुतेक सगळेच तसं करतात. तीस-पस्तीस वर्षं त्याच दोन जागी अंगठा आणि बोट लागून फेल्ट झिजलंय. ठोकळ्यावर चढवण्याआधी मी हॅट बल्बसमोर धरली तर त्या दोन जागांमधून उजेड दिसत होता, कांद्याच्या सालीतून दिसावा तसा. वाफेने खळगा उठतो, झिजलेलं फेल्ट भरून येत नाही. पॉलिशपेपर मारून रेघ घालवायला गेलो असतो तर तिथे भोक पडलं असतं. म्हणून नव्या फेडोराची पुढची चिमटी मुद्दाम त्याच जागेवर बसवली आणि आतून पातळ कापड लावलं. तुम्हाला जी जुनी घडी दिसते, ती आता नव्या घडीच्या पोटात आहे. यापुढे हॅट कडेला धरून काढायची, एवढं काकांना सांगा.

एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली आणि ती आमच्या बाजूची आहे. मूळ हॅटवर अर्ध्या इंचाची बारीक दोरी होती. तिच्याखाली रंग मूळचा बिस्किटी, आजूबाजूला उन्हाने उडालेला, आणि वर घामाचा काळपट पट्टा. तो पट्टा पूर्ण जात नाही. म्हणून दीड इंचाची आडव्या धारीची रिबीन मुंबईहून, भुलेश्वरमधून मागवली. रंगाचा फरक आणि डाग दोन्ही तिच्याखाली गेले. या रिबिनीचे वेगळे पैसे लावले नाहीत.

पैशांबद्दल: हो, १,५०० ते २,००० रुपयांत नवी हॅट मिळते. मीही विकतो. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत फोटो काढायला जाणारी पोरं नेतात, आणि अर्धे जण ती तिथेच विसरून येतात. त्या लोकरीच्या फेल्टच्या असतात, एका पावसात मऊ पडतात. तुमची सशाच्या केसांची आहे. पट्टीवर ‘४ एक्स’ असा फेल्टचा दर्जा छापलाय, पण त्या एक्सला ठरलेलं असं माप नाही, प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने आकडा टाकते, त्यामुळे त्यावर जाऊ नका. पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा घरंगळतो की नाही. ३,२०० मध्ये नऊशे चामड्याचे, बाकी सगळी हातमजुरी. दर जास्त वाटला तर तसं लिहायचा तुम्हाला हक्क आहे. उशिरापायी यातले १,००० मी परत करतोय. तुम्ही आलात की रोख देईन.

स्टार बदला असं म्हणणार नाही. ज्या माणसाच्या पंचाहत्तरीला हॅट पोचली नाही, त्याच्या घरच्यांनी एक स्टार दिला तर तो बरोबरच आहे.

येताना काकांना घेऊन या, डोक्याचं माप मला स्वतःला घ्यायचंय. रविवार कारंजावर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळी अकराच्या आत आलात तर बरं. त्यांना जिना चढायला त्रास होत असेल तर फोन करा, मी टेप घेऊन खाली येतो. सोमवारी दुकान बंद असतं. कांद्याच्या भावाची ती घडी मी पाकिटात जपून ठेवली आहे, तीही घेऊन जा.