पेसमेकरवर चुंबक ठेवून त्वचा घट्ट करून घ्या म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याला चार वर्षांपूर्वी पूर्ण हार्ट ब्लॉकमुळे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचल्यामुळे, पेसमेकर बसवावा लागला. घरात आम्ही सगळे त्याला ‘बॅटरी’ म्हणतो. येत्या माघात तिच्या नातीचे लग्न आहे, आणि गेल्या आठवड्यात तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आला. चेहऱ्याची सैल त्वचा शस्त्रक्रियेविना घट्ट करणारे आरएफ (विजेच्या उष्णतेचा) आणि हायफू (एकवटलेल्या ध्वनिलहरींच्या उष्णतेचा) हे उपचार पेसमेकर असलेल्यांनाही पूर्णपणे सुरक्षित आहेत, डॉक्टर विनाकारण घाबरवतात, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. आधाराला चार मुद्दे दिले आहेत: आजचे पेसमेकर एमआरआयमध्येही चालतात, उपचार चेहऱ्यावर होतो आणि पेसमेकर छातीत असतो, हायफू म्हणजे सोनोग्राफीच, आणि तरीही शंका वाटली, तर पेसमेकरवर चुंबक ठेवून तो अर्धा तास बंद करावा. आत्याने पार्लरमध्ये वेळही ठरवून टाकली होती. तिने मला फोन केला तो सल्ला विचारायला नव्हे, तर घरात बऱ्यापैकी मोठा चुंबक आहे का, हे विचारायला.

म्हणून सुरुवात चुंबकापासूनच करतो, कारण संपूर्ण संदेशात जिवावर बेतू शकेल असा हा सल्ला आहे. मुळात चुंबक ठेवल्याने पेसमेकर बंद पडत नाही. बहुतेक पेसमेकरमध्ये चुंबक जवळ आला की यंत्र हृदयाचे स्वतःचे ठोके ‘ऐकणे’ थांबवते आणि ठरावीक गतीने ठोके देत राहते. काही कंपन्यांच्या यंत्रांत हा परिणाम मोजक्या ठोक्यांपुरताच राहतो आणि यंत्र पुन्हा पूर्ववत वागू लागते. त्याहून गंभीर बाब अशी की, बाहेरून तसाच दिसणारा, गळपट्टीच्या हाडाखाली तसाच उंचवटा असलेला आयसीडी, म्हणजे हृदयाची घातक लय सुरू झाल्यास शॉक देणारे यंत्र, चुंबकाखाली तो शॉक देणेच साधारणपणे थांबवतो. आपल्या छातीत या दोहोंपैकी नेमके काय आहे, हे अनेक रुग्णांना कार्ड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर चुंबक वापरतात हे खरे आहे, परंतु तेथे ईसीजीचा पडदा सतत डोळ्यांसमोर असतो, भूलतज्ज्ञ उशाशी उभा असतो आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे बाहेरून शॉक देऊन हृदयाची लय सुधारणारे यंत्र, हाताशी असतो. पार्लरच्या खुर्चीत यांपैकी काहीही नसते. आणि घटकाभर मानू की चुंबकाने पेसमेकर खरोखरच बंद पडतो; तर मग आत्यासारख्या, ज्यांचे हृदय बॅटरीवाचून पुरेसे ठोकेच देत नाही, अशा व्यक्तीला तो बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याने आपण काय लिहीत आहोत याचा क्षणभर तरी विचार केला होता का? हृदय थांबले, तर दहा-एक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. येथे गोष्ट अर्ध्या तासाची चालली आहे.

चेहरा आणि छाती यांच्यातील अंतराचा मुद्दा वाचायला पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आरएफ म्हणजे उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह. त्याच्या एकध्रुवी प्रकारात प्रवाह चेहऱ्यावर टेकवलेल्या यंत्राच्या टोकातून शरीरात शिरतो आणि पाठीवर किंवा मांडीवर चिकटवलेल्या पट्टीतून बाहेर पडतो. म्हणजे त्याची वाट धडातूनच जाते. पेसमेकरची तार हृदयाचा जो संकेत टिपते, तो अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. बाहेरून आलेली विद्युत गडबड यंत्राला हृदयाचाच ठोका वाटली, तर ते स्वतःचा ठोका देण्याचे थांबते. आयसीडीला तीच गडबड घातक लय वाटली, तर तो जागेपणी शॉक देतो. द्विध्रुवी प्रकारात प्रवाह दोन जवळच्या टोकांमध्येच फिरतो आणि धोका कमी होतो, हे मान्य आहे. पण पार्लरमधील यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे ते चालवणाऱ्या व्यक्तीला तरी ठाऊक असते का?

याच संदर्भात एक जुना इशारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुडघेदुखीला, कंबरदुखीला आपल्याकडे मशीनचा जो शेक देतात, त्यांतील डायथर्मी हा प्रकारही अशाच उच्च वारंवारतेच्या ऊर्जेवर चालतो. मेंदूला तारेतून विजेचे संकेत देणारे यंत्र बसवलेल्या दोन रुग्णांचा डायथर्मीनंतर मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट बजावले की, शरीरात अशी धातूची तार असलेल्या कोणालाही डायथर्मी देऊ नये. यंत्र बंद असले तरी, इतकेच नव्हे तर यंत्र काढून टाकून केवळ तार आत राहिली असली तरीही, कारण ऊर्जा तारेत शिरून तिच्या टोकाशी उती भाजू शकते. त्वचा घट्ट करण्याचा आरएफ म्हणजे हुबेहूब डायथर्मी नव्हे आणि त्याची ताकदही वेगळी असते, परंतु ‘यंत्र बंद ठेवा म्हणजे झाले’ हा युक्तिवाद त्या इशाऱ्यासमोर उभा राहू शकत नाही. थर्मेजसारख्या नावाजलेल्या आरएफ यंत्राच्या उत्पादकांनीही पेसमेकर आणि आयसीडी असलेल्यांना हा उपचार वर्ज्य असल्याचे माहितीपत्रकात लिहिले आहे. विकणारी कंपनीच नको म्हणत असताना ‘पूर्ण सुरक्षित’ हा शब्द आला कोठून?

एमआरआयचा मुद्दा अर्धसत्य आहे. अमेरिकेत एमआरआय चालणाऱ्या पेसमेकरला पहिली मान्यता २०११ मध्ये मिळाली, आणि तीही अटींसह: यंत्र आणि तारा दोन्ही त्या प्रकारच्या हव्यात, चुंबकीय क्षेत्राची ताकद ठरलेली हवी, तपासणीआधी पेसमेकरची सेटिंग विशिष्ट पद्धतीने बदलून घ्यायला हवी आणि तपासणीभर रुग्णावर लक्ष हवे. ही मान्यता एमआरआयपुरतीच आहे, सौंदर्योपचाराच्या यंत्रांसाठी नाही.

हायफूबाबत थोडे मान्य करावे लागते. तो ध्वनिलहरींवर चालतो, विद्युतप्रवाहावर नाही, त्यामुळे चेहऱ्यापुरता त्याचा पेसमेकरला होणारा अडथळा तत्त्वतः कमी असावा. मात्र सोनोग्राफीशी त्याची तुलना चूक आहे. सोनोग्राफी चित्र काढते, हायफू त्वचेखाली काही मिलिमीटरवर साठ-सत्तर अंशांपर्यंत उष्णता एकवटतो, आणि हल्ली तो गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावरही करतात, जेथे अनेकांची बॅटरी असते.

त्वचेच्या शस्त्रक्रियांत विद्युत उपकरणे वापरताना पेसमेकरच्या रुग्णांना क्वचितच त्रास झाल्याचे जुन्या पाहणीत आढळले आहे, हेही मी लपवत नाही. परंतु ते डॉक्टर काही सेकंदांचे तुटक झटके देत होते, सलग अर्धा-पाऊण तास शेकडो झटके नव्हे.

आत्याने पार्लरची वेळ रद्द केली आहे. हाताने केलेले साधे फेशियल चालेल का, असे तिने विचारले. चालेल, पण गॅल्व्हॅनिक किंवा अन्य कोणतेही विजेचे यंत्र चेहऱ्याला लावू द्यायचे नाही आणि पर्समधील पेसमेकरचे कार्ड आधी दाखवायचे, असे मी सांगितले. आरएफचा प्रश्न ती पुढच्या महिन्यात मिरजेला बॅटरी तपासायला जाईल, तेव्हा डॉक्टरांनाच विचारणार आहे. चुंबकाविषयीचा वरचा परिच्छेद तिने मला फोनवर दोनदा वाचायला लावला आणि मग तेवढाच भजनी मंडळाच्या गटावर पाठवला.