आत्याच्या झऱ्याचं पाणी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात पडली. ‘सह्याद्रीच्या कुशीत तुमचं सेकंड होम. प्रायव्हेट पूल, बारमाही पाणी.’ खाली अंगठे आणि बदाम. लोकेशन उघडून बघितलं आणि डोकंच फिरलं. मुळशी तालुक्यातलं माझ्या आत्याचं गाव!

बारमाही पाणी म्हणे. अरे, ते पाणी आत्याचं होतं. तिच्या घरामागं चढाला, करवंदीच्या जाळीखाली झरा होता. भर मे महिन्यात ती करवंटीनं हंडा भरायची, ‘घाई करू नका, गढूळ व्हतंय’ म्हणायची. आम्ही पुण्याला निघालो की त्याच पाण्याची बाटली हातात द्यायची. पाच वर्षांपूर्वी वरच्या डोंगराचे अकरा-अकरा गुंठ्यांचे तुकडे पडले. पोकलेननं उतार कापला, मुरूम ओढ्यात लोटला, बंगल्यागणिक बोअर मारली. दुसऱ्याच उन्हाळ्यात झरा आटला. आता सत्तरीची आत्या टँकरच्या रांगेत हंडा लावते आणि वर पूल काठोकाठ भरलेला असतो. मालक महिन्यातून दोन दिवस येतात.

ताम्हिणीच्या पट्ट्यात, एवढा पाऊस कोसळतो तिथं, टँकर! पाऊस मुरायला डोंगरावर माती आणि झाडं राहू द्यावी लागतात.

नियम आहेत की. १:५ पेक्षा जास्त उतारावर, म्हणजे पाच फुटांत एक फुटाहून जास्त चढ असेल तिथं, बांधकाम करायचं नाही, हे नियमावलीत लिहिलेलं आहे. पण कागदावर कुठलाही डोंगर सपाट करता येतो. गाडगीळ समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्याला वाटाण्याच्या अक्षता. तिकडे स्वित्झर्लंडच्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून ठरवलं की गावात सेकंड होम २० टक्क्यांच्या वर गेली की नवीन बंद. हिमाचलात जमीन कायद्याचं कलम ११८ आहे, बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. आपल्याकडेही शेतजमिनीसाठी असा नियम आहे, पण ब्रोकर वाट काढून देतो.

‘गाववाल्यांनीच विकल्या ना जमिनी?’ हो, विकल्या. कुणाकडे लग्न होतं, कुणाकडे दवाखाना. आत्याचा धाकटा त्याच बंगल्यांवर वॉचमन आहे, घरात पगार येतो, तेही मान्य. पण तो झरा कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. तो कुणी विकला नव्हता!

याच मुळशीनं १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. तेव्हा भातखाचरं मुंबईच्या विजेसाठी बुडाली. आता उरलेला डोंगर आपल्या वीकेंडसाठी.

उतारावरचं एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून देणं, बंद करा. पूलसाठी बोअरचं पाणी बंद करा. वर्षातला बहुतेक काळ कुलूप असलेल्या बंगल्यांकडून ग्रामपंचायतीला दुप्पट घरपट्टी घेऊ द्या. ग्रुपवर हे लिहिलं तर ‘निगेटिव्ह नको’ असं उत्तर आलं. ज्यांनी प्लॉट घेतलेत ते काही वाईट लोक नाहीत, माझेच शेजारी आहेत. त्यांनी एकदा आत्याच्या दारात बसून चहा प्यावा, एवढंच वाटतं.

आत्ताच तिला फोन केला, शनिवारी येतो म्हणालो. काय आणू विचारलं, तर म्हणाली, ‘टँकर दोन दिस झालं आला न्हाई. घरनं पाण्याचा कॅन भरून आण बाबा, तेवढाच च्याला व्हईल.’