वर्गातील रेकॉर्डिंगचे यथासांग विसर्जन

आपण अमेरिकेतील एखाद्या शाळेत शिकवत असाल, आणि रात्री टीव्हीवर ज्वालामुखींवरचा उत्तम माहितीपट पाहून 'हा मुलांना दाखवायलाच हवा' असा अविचार मनात आला असेल, तर आधी पंचांग काढावे. शिक्षणसंस्था, कॉपीराइटचे हक्कधारक आणि कलावंतांच्या संघटना यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवलेली व १९८१ साली तेथील संसदेच्या कामकाजाच्या नोंदींत छापली गेलेली, टीव्हीवरचे कार्यक्रम वर्गासाठी रेकॉर्ड करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मुहूर्ताच्या बाबतीत आपल्या भटजींनाही लाजवतील.

रेकॉर्डिंग वर्गात दाखवायचे ते पहिल्या दहा शालेय दिवसांत आणि एकदाच. विषय पक्का करण्याची गरज भासली तर आणखी एकदा. त्यानंतरही ज्याला लाव्हा कळला नाही, त्याचा लाव्ह्याशी ऋणानुबंध नाही असे समजावे. अकराव्या दिवसापासून ते केवळ आपण पाहायचे, आणि हा कार्यक्रम अभ्यासक्रमात घेण्याजोगा आहे का याचा विचार करायचा. आधी मुलांना वाढायचे आणि मग चव घेऊन पाहायची, ही रीत कोणत्याही सुगरणीला सुचलेली नाही. ४५ दिवस भरले की रेकॉर्डिंग तत्काळ पुसायचे किंवा नष्ट करायचे. मात्र या विसर्जनाच्या वेळी 'पुढच्या वर्षी लवकर या' असे चुकूनही म्हणू नये. वाहिनीने तो कार्यक्रम कितीही वेळा दाखवला, तरी त्याच शिक्षकाच्या विनंतीवरून तो पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.

तिथी मोजतानाही सावध राहावे. दहा दिवसांच्या हिशेबातून शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि परीक्षा वगळायच्या असतात, ४५ दिवसांतून काहीच वगळायचे नसते. परिणामी १ जुलैला केलेल्या रेकॉर्डिंगची मुदत नेमकी १५ ऑगस्टला संपते. शाळा सप्टेंबरात उघडत असेल, तर एकाही विद्यार्थ्याची दृष्ट न लागता ते स्वतंत्र होते. शाळेच्या ग्रंथपालांनी 'उपयोगी पडेल' म्हणून आधीच काही रेकॉर्ड करून ठेवण्याची दूरदृष्टी दाखवू नये. शिक्षकाने मागितल्यावरच यंत्राला हात लावावा. दोन कार्यक्रमांतील चांगले भाग जोडून एक संकलन करण्याचा मोहही टाळावा, कारण त्यालाही मनाई आहे.

घरी मात्र आपण निर्दोष आहात. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने का होईना, सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग वाजवी वापरात, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीविना चालणाऱ्या वापरात, बसते, असे ठरवले. तेव्हा सोफ्यावर लोळत मालिका खुशाल रेकॉर्ड करावी. संशय येतो तो हातात खडू घेतल्यावर.

कुणी कुरकुर केलीच, तर त्याला न्यूयॉर्क राज्यातील ईरी काउंटीचा खटला ऐकवावा. तेथे शाळांना टीव्ही कार्यक्रमांच्या प्रती पुरवणाऱ्या सार्वजनिक संस्थेविरुद्ध शैक्षणिक चित्रपटांचे निर्माते न्यायालयात गेले आणि जिंकले. ती संस्था वर्षानुवर्षे, मोठ्या प्रमाणावर, संग्रह करून प्रती वाटत होती, हा तपशील सांगण्याची गरज नाही. धाक तपशिलाने पातळ होतो.

भारतातील नातेवाइकांशी याविषयी बोलू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम निव्वळ खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रसारकाच्या हक्काचा भंग मानत नाही, आणि त्यात दिवसही मोजलेले नाहीत. कार्यक्रमातील मूळ कृतींचे हक्क हा निराळा विषय असला, तरी इतकी ढिलाई ऐकून आपली निष्ठा डळमळायची.

आणखी एक गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर जाऊ देऊ नये. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या १०७ व्या कलमात वाजवी वापराची उदाहरणे देताना अध्यापन, आणि वर्गासाठी काढलेल्या अनेक प्रतीसुद्धा, स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. हे कलम वाचू नये. वाचलेच असेल, तर ४५ दिवसांच्या आत स्मरणातून पुसून टाकावे.