ओट्सऐवजी ज्वारीचा भरडा

थंडीसाठी घरच्या घरी ॲपल क्रिस्प, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर पीठ-लोण्याचा कुरकुरीत थर देऊन भट्टीत (ओव्हनमध्ये) भाजलेला गोड पदार्थ, करण्याची एक कृती वाचली. त्या कृतीच्या लेखिकेने आंबट हिरवी सफरचंदे आणि वरच्या थरासाठी ओट्स घ्यायला सांगितले आहे. परंतु आमच्या परभणीत हातगाडीवर मिळतात ती बहुधा काश्मीर-हिमाचलची लाल, गोड आणि लवकर भुसभुशीत होणारी. अशी ४ सफरचंदे घेतली, तर साखर निम्मी करून एका लिंबाचा रस घालावा आणि फोडी बोटाएवढ्या जाड ठेवाव्यात, कारण पातळ काप भट्टीत विरघळून तळाशी नुसता गोड लगदा उरतो.

वरच्या थरासाठी मी ओट्सऐवजी मालदांडी ज्वारीचा जाडसर भरडा, थोडी कणीक, दालचिनी आणि फ्रीजमधले घट्ट लोणी वापरते. लोणी वितळवून घालू नये. थंड लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळले म्हणजे वाटाण्याएवढ्या गुठळ्या होतात आणि कृतीतल्याच १८० अंशांवर ४० मिनिटांत खमंग, कुरकुरीत भाजल्या जातात. (घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, तो आधी निथळून घ्यावा.) साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह मलाही झाला होता, पण तो पाघळला आणि सगळा थर दातांना चिकटू लागला.

एका बाबतीत मात्र मी लेखिकेशी सहमत नाही. भांडे बाहेर काढल्यावर झाकून ठेवावे, असे त्यांनी लिहिले आहे. त्याने वाफ कोंडून वरचा थर मऊ पडतो. कडेने रस बुडबुडू लागला की भांडे काढून १५ मिनिटे उघडेच ठेवावे. आइस्क्रीम नसेल, तर वर घट्ट साय घ्यावी.