क्लबच्या ॲपवर प्रीमियर लीग लाइव्ह? तो मेसेज चुकीचा आहे

"पुढच्या सीझनपासून मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल आपल्या मॅचेस स्वतःच्या ॲपवर परदेशी फॅन्सना लाइव्ह दाखवणार, मेंबरशिप आत्ताच घेऊन ठेवा" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. असं काही ठरलेलं नाहीये.

प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, मॅचेस दाखवायचे हक्क क्लब एकेकटे विकत नाहीत, 20 क्लबांच्या वतीने लीगच देशोदेशी विकते, आणि भारतातले हक्क 2025-26 ते 2027-28 असे तीन सीझन जिओस्टारकडे आहेत, म्हणजे तोवर इथे लाइव्ह मॅच जिओहॉटस्टार आणि स्टार स्पोर्ट्सवरच. क्लबच्या ॲपवर मॅच नंतर बघता येते, प्री-सीझन फ्रेंडली, ज्युनिअर टीमच्या मॅचेस, मुलाखती वगैरे असतं. आवड असेल तर खुशाल घ्या, पण लीगची लाइव्ह मॅच मिळेल म्हणून पैसे भरू नका.

मेसेज अगदीच हवेतून आला नसावा म्हणा. 2020 मध्ये 'प्रोजेक्ट बिग पिक्चर' नावाचा प्रस्ताव होता, त्यात प्रत्येक क्लबला सीझनला 8 मॅचेस परदेशी फॅन्सना थेट विकू द्या असं होतं, पण ऑक्टोबरमध्ये क्लबांनीच तो नाकारला. आयफॉलो नावाची क्लबांची स्ट्रीमिंग सर्व्हिस 2017 पासून खरंच होती, पण ती प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजन्सची, म्हणजे ईएफएलची (इंग्लिश फुटबॉल लीग). पुढे बदल होऊ शकतो, त्याला 20 पैकी 14 क्लबांची मतं लागतात. छोटे क्लब सहज हो म्हणतील असं मला तरी वाटत नाही, परदेशी हक्कांच्या पैशातला बराचसा वाटा सगळ्यांना सारखा मिळतो ना.

तर तो मेसेज पुढे पाठवू नका, आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.