आढ्याचं पाणी

आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, असं म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने आमच्या घराची पन्हळ पाहिली नसावी. पाणी वळचणीपर्यंत नेमाने येई. तिथून पन्हळीत, पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून जमिनीवर, हा पुढचा रस्ता मात्र त्याला मान्य नव्हता. एखाद्या जोडातून, कोपऱ्यातून, नाहीतर सरळ कडेवरून ते मनाला येईल तिथे उतरे. त्यातली एक धार नेमकी दारात, कुलूप उघडणाऱ्याच्या मानेवर पडत असे.

"अहो, कुणाला तरी बोलवा आता," असं बायको म्हणाली आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. यापूर्वी तो एकदाच जागा झाला होता, नळाचा वायसर बदलायला. त्या वेळी घरात दोन दिवस पाणी नव्हतं.

पहिला प्रश्न शिडीचा. तिचा एक साधा हिशेब आहे: दर ४ फूट उंचीला पाया भिंतीपासून १ फूट दूर. म्हणजे शिडी १२ फुटांवर टेकणार असेल, तर पाया ३ फुटांवर हवा. याहून उभी लावली तर माणूस शिडीसकट मागे जातो, याहून तिरपी लावली तर शिडी माणसासकट खाली बसते. मी पाया मोजूनमापून लावला आणि वरचं टोक पन्हळीवरच टेकवलं. शिडी पन्हळीवर टेकवायची नसते. हे ज्ञान मला 'कट्' असा आवाज झाल्यावर प्राप्त झालं. एक भेग फुकटात वाढली.

"काय, पन्हळ का?" शेजारच्या काकांनी गच्चीतून विचारलं. शिडीवर चढलेल्या माणसाशी गप्पा मारायला लोकांना विशेष हुरूप येतो, कारण तो उठून जाऊ शकत नाही.

पन्हळीत वीतभर चिखल, कुजलेला पाला, कपड्यांचे तीन चिमटे, एक चेंडू आणि कसलंसं रोपटं होतं. हे रोपटं आमच्या कुंड्यांतल्या सगळ्या झाडांपेक्षा टवटवीत होतं. त्याला कुणी पाणी घालायला विसरत नव्हतं ना!

सगळा गाळ काढला आणि जोडांवर सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. नळीवरची सूचना त्यानंतर वाचली, कारण आधी तिच्यावर माझा हात होता. पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा, जुनं सिलिकॉन खरवडून काढायला हवं (जुन्यावर नवं धरत नाही), आणि वाळायला पुरेसा वेळ द्यायला हवा. मी ओल्या पन्हळीवर, जुन्या थरावर, ढग बघत बघत लावलं होतं. ओल्या प्लॅस्टिकला सिलिकॉन चिकटत नाही. ओल्या माणसाला चिकटतं. चार दिवस मी चष्मा कपाळावर सरकवू शकत नव्हतो.

पुढच्या रविवारी मी विश्वासाची जागा स्क्रूंना दिली. पन्हळ दोन्ही टोकांना अशी आवळली की भूकंपातही हलू नये. दुपारी ऊन तापलं आणि पन्हळ धनुष्यासारखी वाकली. पीव्हीसी उन्हाने वाढतं: ४ मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साधारण ७ मिलिमीटर. म्हणून जोडात फट सोडायची आणि पन्हळ ब्रॅकेटमध्ये सरकती ठेवायची. दोन्हीकडून आवळलेली वस्तू कुठून तरी फुगणारच. घरात दोन तरुण मुलं असलेल्या माणसाला हे एव्हाना कळायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी स्क्रू सैल केले. जोड खरवडून, कोरडे करून पुन्हा भरले. तरी दारातली धार कायम. शेवटी काका गच्चीतूनच म्हणाले, "उतार बघितलात का?"

मी तीन आठवडे भोकं बघत होतो, उतार नव्हता बघितला. ठोकताळा असा की ३ मीटरला सुमारे ६ मिलिमीटर उतार पुरतो. आमच्या ८ मीटरला १६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर. सुतळी ताणली, पाणसळ लावली. बुडबुडा इतका ठामपणे एका बाजूला गेला की मला वाटलं पाणसळच बिघडली. पाइपाजवळचं ब्रॅकेट सगळ्यात उंच होतं! म्हणजे माझ्या घरात वर्षानुवर्षं वळचणीचं पाणी आढ्याकडे चढायचा प्रयत्न करत होतं. ते दमून जिथून खाली उतरत होतं, त्या वाटा मी सिलिकॉनने एकेक करून बुजवत होतो.

मग सगळी ब्रॅकेटं उतरवली. दीड-दीड मीटरवर होती, ती पाऊण मीटरवर घेतली, नाहीतर भरलेली पन्हळ मधे झोळीसारखी लोंबते. सुतळीला धरून उतार दिला. वरच्या टोकाला नळी सोडली, तर पाणी गुपचूप पाइपात गेलं. एक थेंब इकडेतिकडे नाही.

रात्री जेवताना मी सगळ्यांना गणित सांगितलं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपलं या बाजूचं छप्पर ५० चौरस मीटर, तेव्हा २० मिलिमीटर पाऊस झाला तर १,००० लिटर. एक टन! आणि हे सगळं आता त्या एका पाइपातून जाणार. "बरं," मुलगी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दोन दिवसांनी पाऊस आला. पन्हळ अशी वाहिली की बघत राहावं. सगळं पाणी शिस्तीत पाइपात शिरलं आणि सगळं खाली आलं. त्या पाइपाचं खालचं वळण कधीचं गळून पडलेलं होतं. पाणीच पोहोचत नव्हतं तिथे, मग कोण कशाला बघेल? नळीच्या पाण्याने त्याचं बिंग फुटलं नव्हतं. उघडं तोंड थेट पायरीकडे होतं.

"अहो," बायको दारातून ओरडली, "आधी निदान थेंबाथेंबामधून वाट काढत जाता यायचं!"

"पन्हळ झकास झाली हो!" काका गच्चीतून ओरडले. पण मी तोवर चपलांच्या मागे फाटकापर्यंत पोहोचलो होतो.